काणकोण, मोबोर आणि पटर: गोव्यातल्या हौशी गोल्फरांचा धागा

साळकाठ
नमस्कार मंडळी. फोंडा, मडगाव, वास्को असे आम्ही आठ-बारा जण पाऊस सरला की महिन्यातून एकदा एकत्र खेळायचं म्हणतोय. हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत) १० पासून "हँडिकॅप म्हणजे काय रे?" इथपर्यंत सगळे नमुने आहेत. प्रश्न तीन.

काणकोणचं राजबाग आणि मोबोर, या दोन मैदानांपैकी कुठे कोणता खेळ लावावा? अधिकृत हँडिकॅप नसलेल्यांना बाकीच्यांबरोबर कसं बसवायचं? आणि तिघांना पटर (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, चेंडू होलात ढकलायची काठी) घ्यायचाय, तर दुकानात नेमकं काय तपासायचं? "हातात बसेल तो घ्या" हे ऐकून झालंय, त्यापुढचं सांगा.

तेरेखोलच्या गोल्फ प्रकल्पाच्या जमिनीचा वाद इथे नको. त्याला वेगळा धागा आहे, तिथे मनसोक्त भांडू.

काणकोणकर
मैदानांपासून सुरुवात करतो. दोन्ही हॉटेलांची आहेत, क्लबाची नव्हेत. तेव्हा बारा जण घेऊन करमल घाट उतरण्याआधी फोन करून वेळ पक्की करा.

राजबागचं ललितचं मैदान ९ होलचं. १८ खेळायचे तर तीच फेरी दुसऱ्यांदा, शक्य तिथे वेगळ्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून). कार्डावर पहिल्या फेरीला विषम स्ट्रोक इंडेक्स, म्हणजे होलांच्या अवघडपणाचा क्रम (१, ३, ५...) आणि दुसरीला सम द्या. हे विसरलात तर ज्याला सवलतीचे ९ स्ट्रोक (फटके) मिळायचे आहेत त्याचे सगळे एकाच फेरीत पडतात आणि दुसरी फेरी त्याच्यासाठी शिक्षा होते.

वाऱ्याचं गणित वेगळंच. थंडीच्या दिवसांत सकाळी मतलई असते, जमिनीकडून दर्याकडे. ऊन चढलं की वारा फिरतो आणि खारा वारा जोर धरतो. पहिल्या फेरीत सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी काठीने; आकडा लहान तितका चेंडू लांब) गाठलेलं ग्रीन दुसऱ्या फेरीत पाच नंबरला पुरत नाही, किंवा उलट. म्हणून दोन फेऱ्यांचे स्ट्रोक शेजारी मांडून "दुसऱ्यांदा वाईट खेळलो" असा निष्कर्ष काढू नका.

मोबोरचं, म्हणजे पूर्वीच्या लीलाचं, आताच्या सेंट रेजिसचं मैदान १२ होलचं, सगळे पार ३ (तीन फटक्यांत व्हायला हवे असे). साळ नदीच्या मुखाजवळची ती जमिनीची पट्टी. तिथे ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) गाडीतच राहू द्या. ७, ८, ९, दोन वेज, पटर आणि चुकलंच तर एक हायब्रिड, एवढ्यावर भागतं. १४ क्लब (काठ्या) ही नियमाची कमाल मर्यादा आहे, हुंड्याची यादी नव्हे.

बोगीबाब
१२ होल ऐकून लोक नाक मुरडतात, पण चौघांच्या गटाला १२ चा आकडा १८ पेक्षा सोयीचा. चौघांत जोड्या तीनच प्रकारे पडतात. १ ते ४ होल अ-ब विरुद्ध क-ड, ५ ते ८ अ-क विरुद्ध ब-ड, ९ ते १२ अ-ड विरुद्ध ब-क. जोडीतल्या चांगल्या चेंडूचा स्कोअर धरायचा. होल जिंकला की जोडीतल्या दोघांनाही एकेक गुण, बरोबरी झाली तर चौघांना अर्धा. शेवटी गुण प्रत्येकाचे स्वतंत्र मोजायचे. प्रत्येक जण प्रत्येकाचा एकदा जोडीदार आणि दोनदा प्रतिस्पर्धी होतो. कच्च्या खेळाडूचं ओझं एकाच्याच माथी येत नाही.

यात बिघडतं ते स्ट्रोकवाटपात. कार्डावरचा इंडेक्स जसाच्या तसा वापरला तर कधी कधी तीन अवघड होल चार होलांच्या एकाच चौकडीत सापडतात आणि त्या चौकडीतल्या जोडीला फुकटचा फायदा मिळतो. म्हणून प्रत्येक चौकडीत आपला वेगळा क्रम लावा: त्या चारांतला सगळ्यात अवघड होल पहिला, मग दुसरा, तिसरा. स्ट्रोक देताना आधी तिन्ही चौकड्यांतल्या पहिल्या होलवर, मग तिन्हीतल्या दुसऱ्यावर.

किती द्यायचे? हँडिकॅपमधला अख्खा फरक देऊ नका. १५ चा फरक असेल तर १२ होलच्या हिशेबाने १० होतात, पण पार ३ वर लांब फटक्यांतला फरक गळून पडतो, म्हणून त्याचेही निम्मे, म्हणजे ५. हा पुस्तकातला नियम नाही. गटाने पहिल्या टीवर जाण्याआधी ठरवायची गोष्ट आहे, नवव्या होलवर नव्हे.

अंत्रुजकर
राजबागला मात्र स्टेबलफोर्डच (होलागणिक गुण मोजायची पद्धत) लावा. नेट (सवलत वजा करून) पारला २, नेट बर्डीला (पारपेक्षा एक कमी) ३, नेट बोगीला (एक जास्त) १, त्याहून वाईट असेल तर शून्य आणि चेंडू उचला. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांच्या या पद्धतीची पहिली स्पर्धा १९३२ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या वॉलेसीला झाली. एका होलवर वाट लागली म्हणून अख्खी फेरी सोडून देणारे लोक तेव्हाही होते, म्हणून तर ती निघाली. मिश्र गटात मोठा फायदा वेळेचा. शून्य नक्की झालं की चेंडू खिशात, मागचा गट खोळंबत नाही.

अधिकृत हिशेब असा. कोर्स हँडिकॅप म्हणजे हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूचा अधिकृत आकडा, कार्डावरचा स्ट्रोक इंडेक्स नव्हे) गुणिले स्लोप (मैदान कच्च्या खेळाडूला किती जड जातं त्याचा आकडा) भागिले ११३, त्यात कोर्स रेटिंग (पक्क्या खेळाडूला तिथे अपेक्षित फटके) वजा पार मिळवायचं. उदाहरणादाखल इंडेक्स १८.४, स्लोप १२०, रेटिंग ७०.५ आणि पार ७२ धरा. १९.५ मधून १.५ गेले, उरले १८. वैयक्तिक स्टेबलफोर्डला त्याचे ९५ टक्के, म्हणजे १७. चांगल्या चेंडूच्या जोडीला स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून) ८५ टक्के, मॅच प्लेमध्ये (होलागणिक हार-जीत मोजून) ९०. दोघांत एकच चेंडू आळीपाळीने मारायचा फोरसम्स असेल तर दोघांच्या बेरजेचे निम्मे. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत इंडेक्स निघतो शेवटच्या २० पैकी उत्तम ८ फेऱ्यांवरून, कमाल ५४.

बिनहँडिकॅपवाल्यांसाठी पिओरिया. आयोजकाने खेळाआधी सहा होल गुपचूप निवडून पाकिटात बंद करायचे: दोन पार ३, दोन पार ४, दोन पार ५, दोन्ही फेऱ्यांतून एकेक. खेळून झाल्यावर त्या सहांची बेरीज तिपटीने वाढवा, पार वजा करा, उरलेल्याचे ८० टक्के म्हणजे त्या दिवसाचा हँडिकॅप. सहांत ३० झाले तर ९० वजा ७२, म्हणजे १८, आणि त्याचे ८० टक्के १४.४.

दोष उघड आहे. गुप्त होलांवर ज्याची दाणादाण उडाली आणि बाकीच्यांवर जो नीट खेळला, तोच बक्षीस नेतो. दोन उपाय. एका होलचा स्कोअर पारच्या दुपटीवर थांबवा. किंवा सहाऐवजी १२ होल गुप्त ठेवा, त्यांच्या पारची बेरीज ४८ येईल असे, आणि तिपटीऐवजी दीडपट करा. मोबोरला हे सगळं बाद, कारण पार ४ आणि ५ च नाहीत. तिथे बोगीबाबांची चौकडीच बरी.

साळकाठ
चौकडी आवडली. फोरसम्समध्ये टी कोण घेणार यावरून आमच्यात आधीच वाद आहे.

अंत्रुजकर
एकाने विषम, दुसऱ्याने सम, सुरुवातीला ठरवायचं. आधीच्या होलवर शेवटचा पट (पटरचा फटका) कोणी मारला याचा पुढच्या टीशी संबंध नाही. राजबागला ९ चा आकडा विषम, त्यामुळे दुसऱ्या फेरीत तोच होल आपोआप जोडीदाराकडे जातो. मोबोरला कार्ड आधी बघून घ्या, लांबचे होल एकाच्याच वाट्याला येत नाहीत ना.

चारफुटी
आता पटर. दुकानात जाण्याआधी आपलं ग्रीन कसं आहे ते ठरवा, कारण टीव्हीवर दिसणारं काचेसारखं ग्रीन आपल्याकडे नसतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत उन्हाळी गवत जाड पात्याचं होतं, पावसानंतर तर आणखीच. चेंडू अडखळत जातो. अशा ग्रीनवर तीन गोष्टी बघायच्या: लॉफ्ट (पटरच्या तोंडाचा तिरपेपणा), डोक्याचं (चेंडूला लागणाऱ्या खालच्या भागाचं) वजन, लांबी. आकार नंतर.

लॉफ्ट. बहुतेक पटरला ३ ते ४ अंश असतो. चेंडू स्वतःच्या वजनाने गवतात थोडा रुतून बसलेला असतो, त्याला तिथून अलगद वर काढायला तेवढा तिरपेपणा लागतो. खूप जण फटक्याच्या वेळी हात पुढे ढकलतात. शाफ्ट (दांडा) ३ अंश पुढे झुकला की ३ अंशांचा लॉफ्ट शून्यावर येतो, पटर चेंडूला गवतात दाबतो आणि चेंडू पहिल्या वीतभरातच उडी मारतो. उडी दिसली की लोक ग्रीनला शिव्या देतात. आधी बाजूने मोबाइलवर चित्रण करून हात कुठे आहेत ते बघा. सवय सुटत नसेल तर ४ अंशांचा घ्या.

वजन. संथ ग्रीनवर हलक्या डोक्याचा पटर घेऊन लांब पट मारताना मनगट आपोआप जोर करतं आणि दिशा जाते. ३५ इंची पटरला साधारण ३४०-३५० ग्रॅम, ३३ इंचीला ३६० च्या वर असं बघा.

लांबी. दुकानात सर्रास ३४-३५ इंची मांडलेले असतात. साडेपाच फुटांच्या माणसाला ३५ इंची दिला की तो ग्रिपच्या खाली पकडतो किंवा चेंडूपासून लांब उभा राहतो. तपासणी सोपी: पवित्रा घ्या, हात खांद्यांखाली सैल सोडा. मग नाकाच्या मुळापाशी दुसरा चेंडू धरून सोडा. तो खालच्या चेंडूवर किंवा त्याच्या इंचभर आत पडला तर ठीक. पलीकडे पडला तर फारच ओणवे आहात. बराच आत, पायांकडे पडला तर लांबी जास्त आहे.

मॅलेटवाला
चारफुटीशी बाकी सहमत, पण आकार "नंतर" म्हणणं पटत नाही. नवशिक्याचा चेंडू पटरच्या मधोमध लागतच नाही. ब्लेडवर (पातळ पट्टीसारख्या डोक्याच्या पटरवर) अर्धा इंच टोकाकडे लागला की तोंड फिरतं आणि ग्रीन संथ असेल तर चेंडू दोन-तीन फूट अलीकडेच थांबतो. मॅलेटचं (रुंद, मोठ्या डोक्याच्या पटरचं) वजन कडांना आणि मागे असतं, तोंड कमी फिरतं, चुकलेल्या चेंडूचं अंतरही बरंचसं राहतं. हौशी माणसाला एका ग्रीनवर तीन पट लागतात ते दिशेपेक्षा अंतरामुळे.

दुकानात टाल्कम पावडर न्या. पटरच्या तोंडावर पातळ थर लावा, वीस फुटांवर दहा चेंडू मारा, ठसे बघा. एका बोटाच्या रुंदीत जमले तर ब्लेड घ्यायला हरकत नाही. पसरले तर मॅलेट. यात कोणाचा अपमान नाही. आणि दुकानातल्या गालिच्यावर अंतर तपासू नका, तो आपल्या ग्रीनपेक्षा वेगवान असतो. तिथे फक्त ठसे आणि नेम बघायचा.

चारफुटी
पावडरची चाचणी मान्य. मग तोल पण बघा. शाफ्ट डोक्यापासून थोड्या अंतरावर एका बोटावर आडवा तोलून धरा. पटरचं तोंड आभाळाकडे राहिलं तर तो फेस-बॅलन्स्ड, टोक खाली लोंबलं तर टो-हँग. साधारण शिफारस अशी की सरळ मागे-पुढे झोका असणाऱ्याने पहिला घ्यावा, कमानीत झोका घेणाऱ्याने दुसरा. मॅलेट म्हणजे फेस-बॅलन्स्डच असं समजू नका. ते शाफ्ट कुठे आणि कोणत्या वळणाने जोडलाय त्यावर ठरतं. आखूड तिरक्या मानेच्या मॅलेटचं टोक चांगलंच लोंबतं.

लाय अँगलचा (शाफ्ट जमिनीशी करतो त्या कोनाचा) बाऊ मात्र करू नका. ७० अंशांच्या आसपास असतो. आयर्नला लाय चुकला की चेंडू डावी-उजवीकडे जातो, पण पटरला लॉफ्टच इतका कमी की दिशेवरचा परिणाम नगण्य. टाच किंवा टोक गवतात अडकू नये इतपत बघा. टोकाखाली नाणं सहज सरकून मध्यापर्यंत जात असेल तर टोक फार वर आहे.

रफवासी
झिरो टॉर्क पटरचं काय? सगळे तेच दाखवतात हल्ली.

चारफुटी
तोंड आपोआप फिरू नये अशी रचना आहे, कामही करते. पण त्या किमतीत चांगला मॅलेट, नवी ग्रिप आणि वर्षभराचे चेंडू येतात. आधी अंतर जमवा.

कुळागर
खरेदीआधी एक गोव्याची गोष्ट: गंज. कार्बन स्टीलचे, विशेषतः काळ्या मुलाम्याचे मिल्ड (यंत्राने कोरलेले) पटर खाऱ्या हवेत बघता बघता तांबडे होतात. इथे स्टेनलेस स्टीलच घ्या. कार्बनचाच हवा असेल तर खेळून आल्यावर कोरड्या फडक्याने पुसून डोक्याच्या मागे-खाली शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. चेंडूला लागणाऱ्या तोंडावर आणि ग्रिपवर तेल नको. ओलं कव्हर घालून पिशवी कपाटात ठेवली की चतुर्थीपर्यंत कव्हरला बुरशी आणि आत गंज नक्की. गाडीच्या डिकीतही ठेवून देऊ नका, उन्हात ग्रिपखालचा गोंद सुटतो आणि ग्रिप हळूच फिरते. पटरची ग्रिप पुढून सपाट असते, ती जराशी फिरली तरी तोंड वाकडं लागतं आणि माणूस महिनाभर झोका बदलत बसतो.

साळकाठ
लांबी कापून घ्यायची असेल तर? एकाकडे जुना ३५ इंची पडून आहे.

कुळागर
घरी होतं. जुनी ग्रिप आकड्यासारख्या पात्याच्या सुरीने उभी चिरून काढा. धार नेहमी स्वतःपासून लांब. खालची टेप पूर्ण खरवडून शाफ्ट पुसा. पटर आहे तसा उभा धरून एक इंच जास्त आहे का ते पुन्हा तपासा, कापलेलं परत जोडता येत नाही. स्टीलचा शाफ्ट ग्रिपच्या टोकाकडून पाइप-कटरने कापा, कडेची धार कानशीने मारा.

मग दोन्हीकडून चिकटणारी दोन इंची टेप शाफ्टवर उभी लावा, वर अर्धा इंच सोडून ती आत दुमडा. नव्या ग्रिपच्या टोकाचं भोक बोटाने बंद करून आत मिनरल टर्पेंटाइन ओता, हलवा, तेच टेपवर ओता आणि एका दमात ग्रिप शेवटपर्यंत ढकला. मध्ये थांबलात की तिथेच अडकते. पेट्रोल वापरू नका, रबर फुगतं. फोमची जाड ग्रिप असेल तर पाकिटावर कोणता द्रव लिहिलाय तो बघूनच. आता मिनिट-दोन मिनिटं हातात असतात: पटर टेबलावर टेकवून ग्रिपची सपाट बाजू आणि पटरचं तोंड एकाच दिशेला आहेत ना ते वरून बघा, लागल्यास फिरवा. कोरड्या हवेत एक रात्र पुरते, जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस हात लावू नका.

इंच कापला की डोकं हलकं वाटतं, झोक्याच्या वजनात, म्हणजे स्विंगवेटच्या मापात, साधारण सहा अंकांचा फरक पडतो. एका अंकाला डोक्यावर सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे बारा ग्रॅमची शिशाची पट्टी खाली, मध्यावर लावा. एका बाजूला लावली तर तोल बदलतो.

काणकोणकर
ग्रेनबद्दल कोणी बोललंच नाही. आपल्या गवताला पडण्याची दिशा असते. दिशा बरोबरीची असली की गवत चमकतं आणि चेंडू धावतो, विरुद्ध असली की ते गडद, मळकट दिसतं आणि चेंडू बसतो. दुपारनंतर होलच्या कडेकडे वाकून बघा: एक कड धारदार असते, एक विस्कटलेली. विस्कटलेल्या कडेकडे ग्रेन. "सगळा ग्रेन दर्याकडे" हे कॅडींचं आवडतं वाक्य, पण पाणी कुठे वाहतं आणि यंत्र कसं फिरतं यावर जास्त ठरतं.

मात्र हाताने चोळून ग्रेन बघू नका. फेरी चालू असताना ग्रीन घासून किंवा चेंडू घरंगळवून चाचणी केली की स्ट्रोक प्लेमध्ये दोन स्ट्रोक, मॅच प्लेमध्ये होल गेला. नुकत्याच खेळून संपलेल्या होलच्या ग्रीनवर, पुढचा होल सुरू करण्याआधी, चालतं. बुटांच्या खुणा २०१९ पासून दुरुस्त करता येतात. हवा खेळवायला पाडलेली भोकं आणि होलची झिजलेली कड तशीच सोडायची. झेंडा आत ठेवून पट मारायलाही तेव्हापासूनच मुभा आहे.

ग्रीनवर पाणी साचून ते आपल्या पटच्या वाटेत आलं तर दंड नाही, चेंडू उचलून होलच्या जवळ न जाता सर्वात जवळच्या मोकळ्या जागी ठेवा, ती ग्रीनबाहेर असली तरी चालते. वीज कडाडली की मात्र नियम वाचत बसायचं नाही.

मॅलेटवाला
ग्रीनचा वेग मोजायचा असेल तर स्टिंपमीटर म्हणजे ३६ इंचांची खाच पाडलेली अॅल्युमिनियमची पट्टी. चेंडू टोकापासून ३० इंचांवरच्या खाचेत असतो, पट्टी हळू उचलली की साधारण २० अंशांवर सुटतो. तीन चेंडू एकीकडे, तीन उलट दिशेने; ते किती फूट गेले तोच वेगाचा आकडा. एका दिशेचे तिन्ही एकमेकांपासून आठ इंचांच्या आत थांबायला हवेत, नाहीतर पुन्हा. सपाट जागा नसेल तर नुसती सरासरी फसवते: उतारावर १२ फूट आणि चढावर ६ आले तर सरासरी ९, पण दोन्हींचा गुणाकार दुप्पट करून बेरजेने भागलं की ८ येतात, तो खरा वेग. पुण्याला येरवड्याला किंवा बंगळुरूला खेळायला जाल तेव्हा सरावाच्या ग्रीनवर हा आकडा विचारून घ्या. दीड-दोन फुटांचा फरक असेल तर इथल्या सवयीने मारलेला पहिलाच पट ग्रीनबाहेर जातो.

साळकाठ
शेवटचं. बारा ठरतात आणि दहाच उगवतात. मोबोरला चौघांची एक चौकडी झाली, उरलेल्या सहांचं काय?

बोगीबाब
तिघांचे दोन गट, त्यांना नऊ गुणांचा खेळ. प्रत्येक होलला नेट स्कोअरवर पहिल्याला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १. पहिले दोघे बरोबर आले तर ४-४-१, मागचे दोघे बरोबर तर ५-२-२, तिघेही तर ३-३-३. चौकडीच्या गुणांशी याची तुलना करू नका, प्रत्येक गटाचा विजेता वेगळा काढा. कार्ड एकानेच लिहायचं आणि ग्रीन सोडतानाच. होलची बेरीज नऊ आली नाही तर पुढच्या टीवर जाण्याआधी तिथेच दुरुस्त करायची.